पण टायगरचं काय?

आमच्या घरात गेली पाच वर्षं प्रवासाचा प्रत्येक बेत एकाच प्रश्नावर येऊन आपटतो. भाचीच्या लग्नाला पुण्याला चार दिवस आधी जाऊ म्हटलं, की "पण टायगरचं काय?" तुळजापूरला जाऊन येऊ म्हटलं, की "पण टायगरचं काय?" साधं नांदेडला दात दाखवायला जायचं, तरी पाचांतले चार निघतात आणि एक मागं उरतो. आमचा फोटोंचा अल्बम बघणाऱ्याला वाटेल, या घरात दर वर्षी एक माणूस दगावतो.

यंदा मात्र मुलीनं बारावीचा निकाल लागला त्याच दिवशी जाहीर केलं, की समुद्र पाहिल्याशिवाय मी पुढचा एकही फॉर्म भरणार नाही. गणपतीपुळे! कळमनुरीहून गणपतीपुळे म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. आमच्याकडं पाणी म्हणजे कयाधू आणि तालुक्याच्या काठावरचं इसापूर धरण. "इसापूरलाच जाऊ की, मीठ नाही एवढंच," असं मी म्हणून पाहिलं. त्यावर दोन दिवस माझ्या ताटातल्या भाजीतही मीठ नव्हतं.

टायगरविषयी थोडं सांगायला हवं. नाव वाघाचं असलं तरी तो लॅब्रॅडॉर आहे. याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलँड बेटावरचे. तिथले कोळी त्यांना बर्फगार पाण्यात उतरवून जाळी ओढायला लावत. म्हणून या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. असा हा दुहेरी कोट घातलेला प्राणी २०२० च्या टाळेबंदीत नांदेडहून पुठ्ठ्याच्या खोक्यातून आमच्याकडं आला, आणि पारा ४३ वर गेल्याबरोबर कूलरसमोरची जागा त्याची झाली. त्याआधी ती माझी होती. थोडक्यात, या घरात समुद्राशी वंशपरंपरेनं काही नातं असलेला जीव एकच आहे, आणि समुद्रावर जायचं म्हटलं की अडचणही त्याचीच.

आमच्या गावात कुत्रं पाळत नाहीत, ते असतं. गल्लीतलं कुत्रं कुणाचंच नसतं आणि भाकर सगळ्यांची खातं. त्याला पट्टा बांधून सकाळी हिंडवणं हा इथं शुद्ध तमाशा आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसणारे एक काका रोज विचारतात, "काय सर, कोण कुणाला फिरवायलंय?" पाच वर्षं, रोज, तोच प्रश्न, आणि रोज तितकंच हसणं. दुसरा प्रश्न किमतीचा. ती सांगितली की समोरचा आकाशाकडं बघून हिशेब करतो आणि म्हणतो, "तेवढ्यात वगार आली असती." मग जरा थांबून, सहानुभूतीनं, "राखण तरी करतंय का?"

राखणीचं असं आहे, की कुत्र्याला भूकंप आधी कळतो म्हणतात. आमच्या तालुक्यात हे तपासून बघायची सोय निसर्गानंच करून दिली आहे. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले, पहिला ४.५ रिश्टरचा. मांडणीवरची भांडी वाजली, अख्खी गल्ली लुंगीवर रस्त्यात आली, आई तुळशीपाशी हात जोडून उभी. टायगर झोपलेला. पुन्हा १० जुलैला सकाळी सातनंतर तेवढाच मोठा धक्का. टायगर तेव्हा जागा होता, कारण दूध तापत होतं. तो भूकंपाला नाही, पातेल्याला भुंकला. टीव्हीवर मात्र दिवसभर "हिंगोली हादरली" चाललं होतं.

तर प्रवास. मी पद्धतशीर माणूस आहे, रेल्वेपासून सुरुवात केली. कळमनुरीला रेल्वे नाही. ती हिंगोलीला आहे, आणि त्या स्टेशनचं नाव हिंगोली डेक्कन. नावात डेक्कन असल्यानं पुण्याला पोचल्याचा आनंद वीसेक किलोमीटरवरच मिळतो. २०२४ मध्ये जालन्याची जनशताब्दी हिंगोलीपर्यंत वाढवली, त्यामुळं आता मुंबईला थेट गाडी आहे. रेल्वेचा नियम असा, की कुत्र्याला मालकासोबत डब्यात बसायचं तर वर्ग पहिला हवा, आणि दोन किंवा चार बर्थचा अख्खा कक्ष आपल्या नावावर हवा. जनशताब्दीत सगळ्या खुर्च्या, पहिला वर्गच नाही. मग कुत्र्यानं जायचं ते गार्डाच्या डब्यातल्या पेटीत. खाण्यापिण्याची सोय मालकानं करायची. नियम मोडून डब्यात नेला आणि सापडला, तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी. गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. कुत्र्याच्या पेटीचं नाव मात्र अजून कुणी बदललेलं नाही. गाडी सुटते पहाटे, म्हणजे घरून निघायचं मध्यरात्र उलटून गेल्यावर. त्या वेळी हिंगोलीला यायला तयार असलेला रिक्षावाला टायगरला बघून म्हणाला, "माणसं बसवतो सर. हे चावलं तर भरपाई कोण देणार?"

मग एसटी. एसटीचा हिशेब मी मुद्दाम कागदावर मांडला, कारण तो बघून मला दर वेळी नव्यानं वाईट वाटतं. आई ७८ वर्षांची. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट. बायको आणि मुलगी, मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. मुलगा दहा वर्षांचा, अर्धं. पूर्ण तिकिटाचा माणूस घरात मी एकटा. शासनाला माझ्यासाठी आजवर एकही योजना सुचलेली नाही. टायगर तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. ओळखीच्या एका कंडक्टरांना विचारलं, तर ते हसता हसता खाली बसले. उठल्यावर म्हणाले, "त्यापरीस एखादी कोंबडी पाळायची होती, पिशवीत तरी बसली असती."

ट्रॅव्हल्सवाल्याला हसू आलं नाही, तो धंद्याचा माणूस. "डिक्कीत टाका की. मागच्या आठवड्यात दोन बोकडं नेली, काही झालं नाही."

"पुढं काय झालं त्यांचं?"

"ते कंदुरीलाच चालले होते."

उरली घरची गाडी. टायगरला लस टोचायला नांदेडला नेतो तेव्हा आखाडा बाळापूर यायच्या आत तो एकदा ओकतो आणि वारंगा फाट्यावर दुसऱ्यांदा. या प्रमाणानं गणपतीपुळ्यापर्यंत किती, हे त्रैराशिक मुलानं आनंदानं सोडवलं. उत्तर इथं छापण्यासारखं नाही.

म्हणजे तो मागंच ठेवायचा. मग कुणाकडं? "ठेवा की आमच्याकडं, एवढं काय त्यात" म्हणणारी माणसं आमच्या गावात विपुल आहेत. तारीख सांगितली की नेमकी त्याच तारखेला त्यांच्याकडं सोयरीक असते. मेहुण्याचं शेत आहे. तो आधी फार खूश झाला, कारण रात्री रानडुकरं येतात, रोही येतात, नुसत्या भुंकण्यानंही बरंच काम होतं. टायगरला शेतावर सोडला. समोरून कोंबडी आली. टायगर सालगड्याच्या खाटेखाली गेला आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. मेहुण्यानं स्वतः आणून सोडला. जाताना एवढंच म्हणाला, "दाजी, ह्याची राखण करायला अजून एक कुत्रं लागंल."

शेजारी एका रात्रीसाठी तयार झाले. त्यांच्याकडं पोपट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपला देशी पोपट पाळता येत नाही, म्हणून तो पाळलेला नाही. पाहुणा आहे, बारा वर्षांपासून. त्या एका रात्रीत पाहुण्यानं माझ्या बायकोच्या आवाजात "टायगर, ये!" म्हणायला शिकून घेतलं. तेव्हापासून कुत्रा दिवसभर दोन घरांमध्ये धावतोय. मीही दोनदा गेलो.

हे सगळं चाललेलं असताना वर्तमानपत्रात आमच्या जिल्ह्याची बातमी होतीच. औंढ्याजवळ दुधाळा इथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनहूनही कित्येक पटींनी बारीक हालचाल टिपणारी यंत्रं. अशा लहरी पहिल्यांदा अमेरिकेत १४ सप्टेंबर २०१५ ला सापडल्या. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, त्याची ती थरथर. मला या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे. १३० कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर उद्या आमच्या जिल्ह्यात कधी पोचली हे सेकंदाच्या बारीक तुकड्यापर्यंत सांगता येईल. आमच्या नळाचं पाणी कधी निघतं आणि कधी पोचतं, हे सांगणारी भुजा मात्र अजून निघायची आहे.

नळावरून आठवलं. खरी गोची टायगर नव्हतीच, हे मला आईमुळं कळलं. कागदावरचा माझा हिशेब, रेल्वेचे नियम, मेहुण्याचा निरोप, सगळं ऐकून झाल्यावर ती निवडलेली मेथी परडीत टाकत म्हणाली, "मी राहते की घरी. जावा तुम्ही. मला काय करायचाय समुद्र."

हे ती इतक्या सहज म्हणाली, की सगळ्यांना एकदम सुटल्यासारखं झालं. बायकोनं बॅग काढली. मग मुलगी म्हणाली, "आजी, टायगर यायच्या आधी कोण राहायचं घरी?"

आधी म्हैस होती. तिच्याआधी गाय आणि दोन शेळ्या. उन्हाळ्यात हळद शिजवून वाळत घातलेली असायची, ती राखायला कुणीतरी हवं. नंतर कुरडया-पापड. मग नळ आला. त्याची वेळ कुणालाच ठाऊक नसल्यानं घागरीपाशी बसायला कुणीतरी हवं. त्या प्रत्येक "कुणीतरी"चं नाव एकच होतं. आई पंढरपूरला एकदा गेली, शिवरात्रीला औंढ्याला जाते, हिंगोलीच्या दसऱ्याला आम्ही नेतो. फुकट तिकीट मिळायला लागल्यापासून तिनं ते वापरलंय हिंगोलीपर्यंत, डोळे तपासायला.

आणि बोलता बोलता तिनं नामदेव महाराजांची गोष्ट काढली. आमच्या भागात ती कुणाला सांगावी लागत नाही, कारण महाराजांचं नर्सी इथंच, कयाधूच्या काठाला. कुत्रं कोरडी भाकर घेऊन पळालं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले. (आमच्याकडं उलटं आहे. टायगर तूप घेऊन पळतो आणि आई भाकर घेऊन मागं.) आईचं म्हणणं, मुक्या जिवाला मागं टाकून देवाला गेलेलं देवाला चालत नाही. मुलगी म्हणाली, "पण आजी, ते कुत्र्यामागं धावत धावत पार पंजाबात गेले ना. घरी कुठं बसले?" आता पंजाबातल्या घुमानला महाराज कुत्र्यामागं धावत गेले, असं काही कुणी म्हणत नाही. पण ते गेले हे खरं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि २०१५ चं साहित्य संमेलन भरवायला मराठी लेखकही त्यांच्यामागं घुमानला गेले, आरक्षण करून. आई या मुद्द्यावर जराशी अडखळली. तेवढ्यात मुलीनं माझा कागद ओढून घेतला.

ती गणितात हुशार आहे, हे मला तोवर अभिमानास्पद वाटत होतं. तिनं मांडणी केली ती अशी : आजी फुकट. आई अर्धी. मी अर्धी. भाऊ अर्धा. खर्चाचा मोठा आकडा एकच, बाबा. घरी राहायला हवं तेही एकच माणूस. कुत्र्याला ओळखणारं, कूलरमध्ये पाणी टाकता येणारं, नळाच्या आवाजानं जागं होणारं. तिनं पूर्ण तिकिटावर एक आडवी रेघ मारली आणि कागद मला परत दिला. मेहुण्याचा धाकटा भाऊ सोबतीला म्हणून त्यांच्याबरोबर गेला. त्यालाही पूर्ण तिकीटच लागलं, पण ते म्हणे वेगळ्या खात्यात धरायचं.

निघायच्या दिवशी आई दोनदा परत घरात आली. एकदा गॅस बघायला, एकदा टायगरच्या डोक्यावरून हात फिरवायला. स्टँडवर कंडक्टरनं तिचं आधार कार्ड बघितलं आणि विचारलं, "आजी, कुठवर?" ती म्हणाली, "समुद्रापर्यंत." कंडक्टरनं पुण्यापर्यंतचं शून्य रुपयाचं तिकीट फाडलं.

काल व्हिडिओ कॉल आला होता. आई लाटेपासून बरीच लांब, पदर खोचून उभी होती. समुद्र कसा आहे विचारलं तर म्हणाली, "लई पाणी हाय. पण खारट. नळ आला का रे?"

नळ आलेला नाही. मंगळवारी यायचा होता, आज शुक्रवार आहे. दूध अर्धा लिटर कमी केलंय, तूप वरच्या फळीवर ठेवलंय. आणि कूलरसमोर टायगर जरा सरकला, तर दोघांपुरती जागा होते असं दिसलंय. आपल्या गल्लीत पाणी आलं असल्यास वाचकांनी कळवावं. आमचा नंबर शेजारच्या पोपटाला पाठ आहे.