सबुरीचं पासबुक

बँकेत वीस-बावीस वर्षं काढली की माणसाला वाटू लागतं, पैसा या विषयावर बोलायचा परवाना आपल्याला सरकारनेच दिलाय. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही मी आवर्ती ठेवीचे फायदे सांगतो. तो जिलबी अर्धी टाकून उठतो, ही गोष्ट वेगळी. त्यामुळे सईने, वय वर्षं अकरा, फोटो काढला की लगेच छापून बाहेर येतो तसला कॅमेरा मागितला, तेव्हा मला राग आला नाही. आनंद झाला. घरातच शाखा उघडायची संधी चालून आली होती.

किंमत सात हजारांच्या घरात. त्याच दिवशी घेऊन देता आला असता. पण देता येत असून न देण्यात जो मोठेपणा आहे तो देण्यात कुठला? मी घसा साफ करून म्हणालो, "साठव. स्वतःच्या पैशाने घे."

"किती दिवस लागतील?"

"दिवस मोजायचे नसतात. त्यालाच सबुरी म्हणतात."

हे वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी ब्रँचमध्ये मी ते हेडकॅशियरला आणि शिपायाला वेगवेगळं ऐकवलं.

मग पासबुक केलं. शंभर पानी वही, जमा-नावे-शिल्लक असे रकाने, प्रत्येक नोंदीपुढे माझी सही. खाऊचे पैसे, ओवाळणी, गाडी पुसली तर वीस रुपये. आजीचे पाय चेपले तर दहा, असंही लिहिलं होतं. पण "पाय चेपायचे पैसे घेणारी नात मला नको" असं म्हणून आईने ती नोंद खोडायला लावली. शिल्लक रकमेवर शेकडा दरमहा एक रुपया व्याज. पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव वर्षाला सात टक्केही देत नाही, मी बारा देत होतो. सईने विचारलं, "चक्रवाढ का?" मी हो म्हणालो आणि अभिमानाने बायकोकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "माझा भिशीचा हप्ता द्यायचाय तुला अजून."

उत्साहाच्या भरात मी सईला पिग्मीची गोष्टही सांगितली. 1928 साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने गोरगरिबांच्या दारात जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, त्यातून केवढी बँक उभी राहिली वगैरे. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "मग तू ये ना रोज गोळा करायला." झालं. स्केल थ्रीचा अधिकारी रोज संध्याकाळी वही घेऊन पोरीच्या खोलीच्या दारात उभा. आणि आठवडाभरात तिला भाषाही सापडली. मान वर न करता म्हणायची, "आज नाही जमलं काका, उद्या बघा."

इथे मला आमच्या वेळचं सांगणं भाग आहे. हे शब्द उच्चारले की घरात प्रत्येकाला काहीतरी काम आठवतं, पण वाचकाला उठून जाताना मी बघू शकत नाही, म्हणून निर्धास्तपणे सांगतो.

आमच्याकडे कॅमेरा नव्हता, मोठ्या काकांकडे होता. आग्फा क्लिक थ्री, बडोद्यात बनायचा. त्यात 120 चा रोल जायचा आणि एका रोलमध्ये फोटो निघायचे बारा. बारा! आज सई नाश्त्याचा डोसा तव्यावरून ताटात येईपर्यंत बारा काढते. त्या काळी काका कॅमेऱ्याचं कातडी कव्हर उघडू लागले की वाड्यात वर्दी जायची, बायका पदर सारखे करायच्या, पोरांच्या केसांना तेल लागायचं आणि आजोबा आतून कोट घालून यायचे, खाली धोतर तेच. सूर्य काकांच्या पाठीशी हवा, म्हणून तो आमच्या डोळ्यांत. "हलू नका" आणि "हसा" या दोन आज्ञा एकदम. त्यामुळे आमच्या अख्ख्या खानदानाच्या चेहऱ्यावर एकच भाव आहे: कोणीतरी पायावर पाय दिलाय, पण चारचौघांत बोलता येत नाही.

पुढे छत्तीसचा रोल आला. गणपतीत घातलेला संक्रांतीला संपायचा. छत्तिसात अडतीस काढून दाखवणारा माणूस नातेवाइकांत मानाने वावरायचा. उलट शेवटचे दोन-तीन उरले की ते 'संपवायचे' असत, कारण त्याशिवाय रोल धुवायला देता येत नाही. मग गच्चीवरच्या टाकीचा एक, तुळशीचा एक आणि न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाचा एक. आजोबांचा धड फोटो आमच्याकडे नाही, बंबाचा अप्रतिम आहे. एकदा मावसभावाच्या लग्नात मामाने "संपला का बघू" म्हणत कॅमेऱ्याचं मागचं झाकण भर मांडवात उघडलं आणि सगळं लग्न उजेडात आलं, म्हणजे गेलं. त्या लग्नाला आज दोन मुलांव्यतिरिक्त कसलाही पुरावा नाही. फोटो धुऊन आले की निगेटिव्ह दिव्यासमोर धरायचं. काळे दात, पांढरे केस, आणि ही सुमामावशी की शेजारची म्हैस यावर पैजा. आणि आप्पा! आप्पांचे डोळे उघडे असलेला एकही फोटो निघाला नाही. माणूस एरवी टक्क जागा. खटका दाबायच्या क्षणी त्यांना समाधी लागायची, आणि ते आपल्याला आठ दिवसांनी स्टुडिओतून पाकीट आल्यावर कळायचं.

कुठे होतो मी? सबुरी.

तर या कॅमेऱ्याच्या बाबतीत मला एक गोष्ट खुपत होती. ज्या वस्तूचा एकमेव गुण 'थांबावं लागत नाही' हा आहे, ती मिळवण्यासाठी मी मुलीला थांबायला शिकवत होतो. काहीतरी उदात्त इतिहास सापडेल म्हणून शोधलं, तर या कॅमेऱ्याचा जन्मच एका पोरीच्या उतावळेपणातून झालेला निघाला. 1943 साली एडविन लँड हा पोलरॉइड कंपनीचा संस्थापक अमेरिकेत सांता फे गावी सुट्टीवर होता. त्याने आपल्या तीन वर्षांच्या मुलीचा फोटो काढला आणि तिने विचारलं, तो आत्ता का नाही दिसत? दुसरा बाप असता तर म्हणाला असता, सबुरी नावाची काही चीज असते. लँड फिरायला बाहेर पडला आणि चालता चालता कॅमेऱ्याची जुळणी मनात मांडून परतला. 1947 मध्ये त्याने तो न्यूयॉर्कला करून दाखवला, 1948 च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या दुकानात विकायला ठेवला.

मी हीही गोष्ट माझ्या बाजूला वळवायचा प्रयत्न केला. सईला म्हणालो, "बघ, त्या मुलीलासुद्धा पाच वर्षं थांबावं लागलं."

"हो, पण तिचे बाबा तोवर कॅमेरा बनवत होते. तू काय करतोयस?"

मी सही करत होतो.

मी काय करतो, हे तिला लवकरच कळलं. मार्चअखेर जवळ आली की वरून टार्गेट येतं आणि अधिकाऱ्यांनी रोज ठरावीक ग्राहकांना फोन करायचे असतात. मी बाल्कनीत उभा राहून एका तरुणाला सांगत होतो, "सर, थांबता कशाला? प्री-अप्रूव्ह्ड आहे. फोनवर दोनदा दाबलं की पैसे खात्यात." वळून बघतो तर मागे सई, हातात पासबुक, कारण तिच्याकडून गोळा करायची माझी वेळ झाली होती. तिने विचारलं, "त्या दादाला का नाही सांगत साठव म्हणून?"

विनोद करून हे सोडून देता येईल, पण मला खरंच संताप येतो. कॅमेरा बघायला म्हणून तिने फोन उघडला की पडद्यावर उलटी घटिका सुरू: सवलत संपायला इतके तास, इतकी मिनिटं, इतके सेकंद. उद्या उघडलं तरी तेवढेच तास. खाली 'शून्य टक्के व्याजाने हप्ते'. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना लेखी बजावलं होतं. व्याज प्रक्रिया शुल्कात तरी दडवतात, नाहीतर रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट काढून घेतात. मोठमोठ्या पगारांची हुशार माणसं दिवसभर बसून विचार करतात की समोरच्याला दहा सेकंदही विचार करू द्यायचा नाही. आणि त्यांच्यासमोर आपण उभी करतो कोणाला? शंभर पानी वही घेतलेल्या अकरा वर्षांच्या मुलीला. त्या पगारांतला एक, लहानसा का होईना, माझाही आहे.

असो. शास्त्राकडे वळू. स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून एकदा येतोच: मुलासमोर एक मार्शमेलो ठेवायचा, पंधरा मिनिटं न खाता थांबलं तर दुसरा. मी तो घरी कंदी पेढ्यावर केला. आई साताऱ्याहून डबा घेऊन आली होती. सई थांबली. पेढ्याकडे पाठ करून, शुद्धलेखन लिहीत, पंधरा मिनिटं. मी विजयी मुद्रेने दुसरा पेढा आणायला गेलो तर डबा रिकामा. तो कोणी रिकामा केला याची चौकशी घरात अजून चालू आहे आणि संशयाची सुई विनाकारण माझ्याकडे वळलेली आहे. पण त्यानंतर सई कशासाठीही थांबेना. पुढे वाचनात आलं की रॉचेस्टर विद्यापीठात 2012 साली सेलेस्ट किड यांनी हेच तपासलं होतं. आधी मुलांना चांगले रंग आणून देतो असं सांगायचं. ज्यांना ते आणून दिले ती मुलं नंतर मार्शमेलोसाठी सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना 'नाहीत, संपले' सांगितलं ती तीन मिनिटं. ग्रुपवर हा भाग कोणी पाठवत नाही.

वर्षअखेरीला सईच्या पैशांचा डबा मोजला आणि माझ्या पोटात गोळा आला. कॅश जास्त! बँकेत रोकड कमी भरली तर निदान खिशातून भरता येते. जास्त भरली तर कुठून आली ते सांगता येत नाही, तीच खरी भानगड. वहीत बावन्नशे आणि डब्यात सहा हजार तीनशे, त्यातली बरीच रक्कम दहाच्या नाण्यांत. आमच्या घरात दहाची नाणी एकाच बटव्यात असतात.

आई पलंगावर वाती वळत होती. मी म्हणालो, "आई, तू डब्यात पैसे टाकतेस?"

"टाकते. पुढे?"

"अगं, तिला सबुरी कळायला नको? मला अण्णांनी कसं शिकवलं? हॉट शॉट कॅमेऱ्यासाठी दोन वर्षं मागे लागलो होतो. ते म्हणायचे, पुढच्या महिन्यात बघू. ते शिकलो म्हणून आज..."

आईने वात खाली ठेवली. "शिकवत कुठं होते रे? पैसे नव्हते. शाळेतल्या क्लार्कला किती पगार असतोय? तुला घेऊन बाजारातनं येताना पोवई नाक्याकडनं यायचेच नाहीत ते, मागच्या गल्लीनं यायचे. तो फोटोवाला लागू नये वाटेत म्हणून."

मागची गल्ली मला चांगली आठवते. अण्णा माझा हात धरून भराभर चालायचे. तो जवळचा रस्ता आहे असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. जवळचा कुठला, उलट चढ होता त्याला. त्या नाइलाजाला मी संस्कार म्हणत आलो, त्यावर भाषणं ठोकत आलो आणि तेच खिशात पैसे असताना पोरीवर चालवत होतो. अण्णांना एकदा तरी पोवई नाक्याने यायला किती आवडलं असतं.

"आणि ते व्याज किती देतोयस पोरीला?" आईने विचारलं. "बारा? मला पण उघडून दे खातं."

उरलेले सातशे मी व्याजातला फरक या सदराखाली जमा दाखवले. अशी नोंद ऑडिटला टिकणार नाही, पण ऑडिटर पलंगावर बसल्या होत्या.

सईने पैसे कापडी पिशवीतून नेले. दुकानदाराने दहाची नाणी बघून मान हलवली, "ही चालत नाहीत." माझा क्षण आला होता. मी म्हणालो, "चालत नाहीत? रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केलंय, दहाच्या नाण्यांची चौदाही डिझाइन्स वैध आहेत." चार गिऱ्हाइकं वळून बघू लागली. दुकानदाराने पिशवी उचलून अंदाज घेतला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "बरोबर साहेब. पण 2011 च्या कायद्यात हजार रुपयांच्या वर नाणी घ्यायची सक्ती नाही ना? बँकेतच असता का आपण?" सई माझ्याकडे पाहत होती. शेवटी मी फोन काढून वरचे पैसे भरले आणि नाण्यांची पिशवी माझ्या गळ्यात पडली. ती अजून आहे. भाजीवाला घेत नाही, रिक्षावाला घेत नाही, हेडकॅशियर माझ्याकडे बघून काउंटरची खिडकी लावतो.

कॅमेरा छान आहे. फोटो वरून सरकत बाहेर येतो, आधी नुसता पांढरा, आणि दीड मिनिटात हळूहळू माणूस उमटतो. फक्त एका पाकिटात दहाच फोटो असतात आणि एक फोटो साठ रुपयांना पडतो, त्यामुळे आमच्या घरात पुन्हा काकांचं राज्य आलं आहे. सई आधी प्रकाश बघते, मग माणसाची लायकी. आजीचा पहिला फोटो झाला, डोळे उघडे. मग तिच्या आईचा. मग खालच्या मजल्यावरच्या मांजरीचे दोन.

रविवारी मी दाढी केली, नवा कुर्ता घातला, केस जिथे आहेत तिथे विंचरले आणि सहज गेल्यासारखा तिच्या खोलीत गेलो.

"तुझा दिवाळीत काढू," ती म्हणाली. "सहाच राहिलेत."

"अगं, दिवाळीला किती अवकाश आहे!"

"दिवस मोजायचे नसतात, बाबा."

मी धावत जाऊन पिशवी आणली आणि तिच्या टेबलावर दहाची सहा नाणी ओळीने मांडली. तिने एकेक उलटून पाहिलं, परत माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "नोट असेल तर बघा, काका."