आठ गोलांचा इंजिनियर

"अगं, ऐकलंस का? समोरच्यांचा मुलगा इंजिनियरिंग सोडतोय. फुटबॉल खेळणार म्हणे."

काकूंच्या गप्पांना सुरुवात अशी कधी नसतेच, एकदम मधूनच सुरू होतात. नैरोबीत पार्कलँड्सला आमच्या दोन घरांत बोगनवेलीचं कुंपण आहे. त्यातून इडलीचं पीठ, कढीपत्ता आणि लोकांच्या भानगडी यांची दिवसभर ये-जा चालू असते. काकू मूळच्या वाईच्या, पण केनियाचा विषय निघाला की "आमचं". आम्ही दार-ए-सलामला बरीच वर्षं राहून इकडे आलो, त्यामुळे त्यांच्या लेखी मी कायमची टांझानियाची.

"मग, आई काय म्हणते त्याची?" मी विचारलं.

"म्हणणार काय? रडते. मी सांगितलं तिला, बाई गं, आमच्या ओलुंगाकडे बघ."

झालं. ओलुंगा निघाला की तासाची निश्चिंती. मायकेल ओलुंगा, केनियाच्या संघाचा, म्हणजे हराम्बे स्टार्सचा, कप्तान आणि स्ट्रायकर. 1994 चा जन्म, इथलाच, नैरोबीचा. काकू त्याच्याबद्दल अशा बोलतात की जणू बारशाला घुगऱ्या खाऊन आल्या आहेत.

"अप्पर हिल शाळेत होता. मग टेक्निकल युनिव्हर्सिटीत जिओस्पेशियल इंजिनियरिंगला. नकाशे, जमीनमोजणी, उपग्रहावरून काय काय बघतात ते सगळं. आणि एकीकडे टस्कर क्लब, मग थिका युनायटेड. सकाळी सराव, मग कॉलेज. लोक अजून इंजिनियर म्हणतात त्याला."

"मग ह्या मुलाला पण म्हणावं, दोन्ही कर."

"तेच म्हटलं मी! सोडतोस कशाला? त्याने सोडलं होतं का लगेच?"

ओलुंगाचं नाव घरोघरी झालं ते 2015 साली. गोर माहिया हा इथला सगळ्यात लाडका क्लब, हिरव्या जर्सीवाला. काकूंच्या फाटकावरचा अस्करी, म्हणजे रखवालदार, या क्लबचा इतका भक्त आहे की संघ हरला तर त्या दिवशी फाटक दोनदा वाजवावं लागतं. त्या वर्षी गोर माहियाने आख्खी लीग एकही सामना न हरता जिंकली आणि त्यांच्याकडून ओलुंगाने 19 गोल मारले. लगेच स्वीडनच्या युरगोर्डनने त्याला स्टॉकहोमला नेला. तिथे एका मोसमात 12 गोल.

"आणि मग चीनला गेला," मी म्हटलं. "ते मला कधी पटलं नाही काकू. युरोपात पाय टेकलेला माणूस ग्वेइजोला कशाला जाईल?"

"पैसे देत असतील. तू नसतीस गेलीस? तुझा नवरा दार-ए-सलाम सोडून इथे आला तो काय हवापाण्याला?"

मी गप्प. पण चीनमध्ये त्याचं बस्तान काही बसलं नाही. त्याच वर्षी तिकडे नियम बदलला, एका सामन्यात परदेशी खेळाडू तीनच खेळवायचे. मग त्यांनी याला स्पेनच्या जिरोनाकडे लोनवर धाडला. वाटीभर साखर उसनी द्यावी तसे हे क्लब माणसं उसनी देतात, हे मला या वयात कळलं.

"जिरोनात तरी कुठे खेळवला? बाकावरच."

"हो, पण एकदाच काय केलं सांग!" काकूंनी हातातली जुडी कुंपणावर ठेवली. सुकुमाची भाजी निवडायची राहिलीच. "2018 चा जानेवारी. लास पाल्मासविरुद्ध बदली म्हणून उतरवला. तीन गोल! 6-0. ला लिगात हॅटट्रिक मारणारा पहिला केनियन. आणि जिरोनाचीसुद्धा ला लिगातली ती पहिलीच."

"आणि तरी नंतर ठेवून घेतला नाही."

"नाही घेतला," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अजून राग होता, जणू कुणी त्यांच्या मुलीला बघून जाऊन मग नकार कळवला असावा.

इथे मी माझं घोडं पुढे दामटलं. कारण मी समाटावाली आहे. म्ब्वाना समाटा, टांझानियाचा स्ट्रायकर, आमच्या दारचा. आफ्रिकन लायनमधून सिम्बात, तिथून 2011 ला काँगोच्या टीपी माझेम्बेत. 2015 ची आफ्रिकन चॅम्पियन्स लीग माझेम्बेने जिंकली तेव्हा अंतिम फेरीच्या दोन्ही सामन्यांत त्याचा गोल होता. आफ्रिकेतच खेळणाऱ्यांत वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला निवडलं, पूर्व आफ्रिकेतून हा मान मिळवणारा पहिला तोच. मग बेल्जियमचं गेंक, 2019 ला तिथली लीग जिंकली, आणि 2020 च्या जानेवारीत थेट ॲस्टन व्हिला. प्रीमियर लीग!

"वेम्बलीवर गोल मारला त्याने काकू. मँचेस्टर सिटीविरुद्ध लीग कपच्या अंतिम सामन्यात. पुढे झेपावून डोक्याने. तुमच्या ओलुंगाने वेम्बलीचं गवत तरी पाहिलंय का?"

"आणि सामना?"

"...2-1 हरले."

"आणि प्रीमियर लीगमध्ये गोल किती?"

"एक. बोर्नमथला. पण पहिल्याच सामन्यात!"

"सामने किती खेळला?"

"चौदा," मी म्हटलं. काकूंना सगळं ठाऊक असतं, तरी माझ्याच तोंडून वदवून घेतात.

खरं सांगायचं तर इथेच माझा मुद्दा लंगडा पडतो. दारमध्ये त्या दिवसांत व्हिलाच्या जर्सी घालून पोरं हिंडत होती, मी पाहिलंय. सहा-आठ महिन्यांत त्याला तुर्कस्तानला जावं लागलं. मोठ्या नावाच्या लीगमध्ये नुसतं पोचणं आणि तिथे टिकणं यांत फरक असतो, आणि आपण लोक पोचण्यालाच पेढे वाटतो. समाटाचं पुढे वाईट झालं असंही नाही. 2024 ला ग्रीसमध्ये पाओककडून पुन्हा लीग जिंकलीच त्याने. पण त्यावर पेढे कुणी वाटले नाहीत.

"आता आमचं ऐक," काकू म्हणाल्या. "2018 च्या ऑगस्टमध्ये जपान. काशिवा रेसोल. टोकियोच्या बाजूलाच आहे. हा गेला आणि त्याच मोसमात क्लब घसरला दुसऱ्या श्रेणीत."

"पायगुण!"

"गप गं. पुढच्या वर्षी 27 गोल मारून वर आणला त्याने. आणि शेवटचा सामना क्योतो सांगाशी. 13-1! त्यात एकट्याचे आठ. जपानच्या लीगमध्ये एका सामन्यात एकट्याने आठ कुणीच मारले नव्हते."

"दुसरी श्रेणी होती ना पण."

"बरं, दुसरी. मग पुढचं वर्ष पहिलीतलं. 28 गोल. सगळ्यांत जास्त."

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि मला ते वर्ष त्या आठ गोलांपेक्षाही मोठं वाटतं. 2020 साली जपानमध्ये कावासाकी फ्रोंताले मोठ्या फरकाने अजिंक्य ठरले. काशिवा सातवे. असं असताना वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती सातव्या क्रमांकाच्या संघातल्या ओलुंगाची. हा मान मिळवणारा पहिला आफ्रिकन. आठ गोल काय, एखाद्या दुपारी समोरच्या संघाचे पायच गळले की होतात. पण मधल्या फळीतल्या संघात राहून, प्रत्येक बचावफळी आपल्याच मागावर आहे हे माहीत असताना वर्षभर गोल करत राहणं, हे काम वेगळं. उंच, डाव्या पायाचा, मोकळी जागा मिळाली की सुसाट. तिथल्या लोकांनी कौतुक केलं ते बघूनसवरून केलं. नैरोबीत मात्र टीव्हीवर सगळा आरडाओरडा इंग्लंडचा. जपानची लीग बघतंय कोण?

"मग दोह्याला गेला," मी म्हटलं. "अल-दुहैल. आता म्हणू नका पैशांसाठी."

"पैशांसाठीच! मग काय झालं? तिथेही लीग जिंकलीच की." काकूंची भाची दोह्यात असते, तिच्याकडून खडान्‌खडा माहिती येते. "पण तुला सांगू, माझा जीव जळतो तो वेगळ्याच गोष्टीने. 2022 मध्ये सरकार आणि फेडरेशनचं भांडण, आणि फिफाने केनियाला बाहेर काढलं. पुढच्या आफ्रिकन कपच्या पात्रता फेरीतच नाही! ऐन भरातली वर्षं पोराची. घरच्यांनीच वाट अडवली."

"अंधेरीला तरी नेला होता का?" मला राहवलं नाही. 2018 च्या जूनमध्ये केनियाचा संघ एका स्पर्धेसाठी मुंबईत आला होता, अंधेरीत. अंतिम सामन्यात भारताने 2-0 हरवलं, दोन्ही गोल सुनील छेत्रीचे. ओलुंगा त्या संघात नव्हता.

"म्हणूनच हरलो," काकू म्हणाल्या. भारताविरुद्ध हरताना "हरलो" म्हणणारी ही वाईची बाई.

"आणि कैरो विसरलीस वाटतं?"

कैरो मी कशी विसरेन? 2019 चा आफ्रिकन कप, केनिया विरुद्ध टांझानिया. टांझानिया तर एकोणचाळीस वर्षांनी तिथे पोचलेलं. आधी टांझानियाच्या म्सुवाचा गोल. मग ओलुंगाने हवेत उलटं होत बरोबरी केली, आणि मिनिटभरात समाटाने पुन्हा आघाडी मिळवून दिली. तेव्हा मी दारच्या घरात टेबलावर चढले होते. मग केनियाने पुन्हा बरोबरी साधली, आणि ऐंशीव्या मिनिटाला पुन्हा ओलुंगा. 3-2.

"गटातून दोघेही बाहेर पडले ते नाही सांगत तुम्ही," मी म्हटलं.

"ते कशाला सांगायचं?" काकूंनी जुडी उचलली. "2027 चा कप आपल्याकडे दिलाय. केनिया, टांझानिया, युगांडा मिळून."

"ओलुंगा तेहतीसचा असेल तेव्हा. समाटा त्याहून मोठा."

"असू देत. कप्तान आहे तो. तू एवढंच बघ, अंतिम सामना दारला ठेवला तर आम्ही उतरायचं तुझ्या नणंदेकडे, आणि नैरोबीत ठेवला तर तुझी नणंद माझ्याकडे नको. मागच्या वेळी आली होती तेव्हा माझं लोणचं अळणी म्हणाली."