ट्रायलकाका

ट्रायलकाका सिल्वासातल्या पिपरियाच्या एका यार्न कंपनीत स्टोअरकीपर आहेत. मूळचे धुळ्याकडचे. कर-सवलतींच्या मागे इथे कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागे काका आले. घरात मराठी, कंपनीच्या गेटवर हिंदी आणि भाजीबाजारात गुजराती, अशी त्यांच्या भाषांची शिफ्टवार वाटणी होती. इंग्रजी फक्त चलनावर दिसायची. 2020 साली ती थेट त्यांच्या घरात राहायला आली.

लॉकडाऊन लागला, मशिनं थांबली. मोजायला माल उरला नाही, म्हणून काकांनी बातम्या मोजायला घेतल्या. घरात एक जुनं स्टॉक रजिस्टर पडून होतं. मालाचं नाव, आवक, जावक, शिल्लक असे छापील रकाने. काकांनी त्यात शब्द भरायला सुरुवात केली. 'एफिकसी (परिणामकारकता). आवक: 9 नोव्हेंबर 2020, पार्टी फायझर. जावक: वॉचमन, दूधवाला, धाकटा मेहुणा. शिल्लक: भरपूर.' खाली 'प्लासिबो (दिसायला लस, पण लस नव्हे)', 'इंटरिम डेटा' आणि 'आर्म'. आर्मपुढे कंसात बारीक अक्षरात 'हात नव्हे, चाचणीतला गट' अशी टीप.

कंपनीत मागणीचिठ्ठी असल्याशिवाय काका साधा स्क्रू देत नाहीत. शब्दांच्या बाबतीत मात्र मागणीची वाट बघायची त्यांची तयारी नव्हती. 3 जानेवारी 2021 ला कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन या लशींना परवानगी मिळाली आणि त्याच आठवड्यात सोसायटीचा पाण्याचा पंप दुरुस्त होऊन आला. तो दोनदा धाप टाकून चालू झाला. काकांनी फळ्यावर लिहिलं: 'पंपास फक्त आणीबाणीच्या परिस्थितीत मर्यादित वापराची मंजुरी.' तळमजल्यावरच्या गुजराती मावशी त्यांना तेव्हापासून 'ट्रायलभाई' म्हणू लागल्या. आम्ही मराठी माणसं नात्याला पक्की, म्हणून आमचे ते ट्रायलकाका.

'डबल ब्लाइंड' हा शब्द आला तेव्हा घरात दोन डेअऱ्यांचं दूध येत होतं. कोणत्या दुधाचा चहा बरा, यावर नवरा-बायकोत जुना वाद. काकांनी तो शास्त्रीय पद्धतीने मिटवायचं ठरवलं. चहा करणाऱ्याला कळता कामा नये आणि पिणाऱ्यालाही नाही. त्यांनी दूध दोन सारख्या पातेल्यांत ओतलं, त्यांना 'क' आणि 'ख' अशी चिकटपट्टी लावली आणि कशात काय ते एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी डब्याखाली सरकवली. चार दिवस चहा झाला, गुण दिले गेले, 'क' जिंकला. निकाल उघडायच्या दिवशी चिठ्ठी सापडेना. काकूंनी ती सामानाची यादी समजून वाण्याकडे पाठवली होती. 'क आणि ख सध्या येत नाहीत,' असा वाण्याचा निरोप आला. आजही त्या घरात कोणतं दूध चांगलं हे कोणालाच ठाऊक नाही. इतका काटेकोर डबल ब्लाइंड जगात दुसरा झाला नसेल.

हसायला ठीक आहे. पण आकड्यांच्या बाबतीत हा माणूस पक्का. 23 नोव्हेंबर 2020 ला ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाच्या लशीचे एफिकसीचे आकडे आले होते. एका गटात 62 टक्के, दुसऱ्यात 90, सरासरी 70. काकांनी कॅल्क्युलेटर काढला. बासष्ट अधिक नव्वद, भागिले दोन, शहात्तर. मग सहा टक्के माल गेला कुठे? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी गटांची संख्या हाती लागली: बासष्टवाले 8,895 आणि नव्वदवाले 2,741. सकाळी सातला त्यांनी माझी बेल वाजवली. ''लॉट लहानमोठे आहेत हो! सरासरी मोठ्या लॉटकडे ओढली गेली.'' नव्वदवाल्यांचा पहिला डोस अनवधानाने अर्धाच दिला गेला होता, हे वाचून तर ते दचकलेच. ''अर्ध्या मालात जास्त उत्पादन! आमच्या मॅनेजरला कळू देऊ नका.''

लशी 110 टक्के सुरक्षित आहेत, असं औषध महानियंत्रक म्हणाले, तेव्हा सोसायटीला हायसं वाटलं. काकांची झोप उडाली. ''शंभर पोती आली आणि रजिस्टरात एकशे दहा निघाली, तर मला नोटीस मिळते,'' ते म्हणाले.

मार्च 2021 मध्ये कोव्हॅक्सिनचा 81 टक्क्यांचा आकडा आला आणि लिफ्टपाशी हिशेब झाला, की शंभरातले एकोणीस आजारी पडणार. काकांनी मास्क खाली ओढला, पुन्हा वर केला आणि सगळ्यांना थांबवलं. ''पंचवीस हजार आठशे माणसं. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना प्लासिबो. सगळे मिळून आजारी किती? त्रेचाळीस. प्लासिबोवाले छत्तीस, लसवाले सात. छत्तिसाचे सात झाले, म्हणजे एकोणतीस वाचले. छत्तिसात एकोणतीस म्हणजे एक्याऐंशी टक्के. तुमचे शंभरातले एकोणीस कुठल्या गोडाऊनमधून आणलेत?'' लिफ्ट आली, पण कोणी चढलं नाही. त्या दिवशी 'एफिकसी'ची जावक प्रथमच मागणीवरून झाली.

एप्रिलमध्ये पंचेचाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना लस खुली झाली आणि काका-काकू विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलात गेले. काकांनी विचारलं, ''सिस्टर, मैं कौन से आर्म में हूँ?'' सिस्टरनी काही न बोलता त्यांच्या डाव्या दंडाला स्पिरिट लावलं. नंतरचा अर्धा तास काका खुर्चीत ताठ बसून होते, आणि येणाजाणाऱ्याला 'अंडर ऑब्झर्व्हेशन' एवढंच सांगत होते.

रात्री काकूंना 101 ताप भरला, अंग ठणकायला लागलं. काकांना काही नाही. दर अर्ध्या तासाने थर्मामीटर, दर वेळी 98.4. समोरच्या घरात ताप, वरच्या घरात थंडी, वॉचमनचा हात उचलत नाही. आणि रजिस्टरात साइड इफेक्टचं अख्खं पान राखून बसलेला माणूस कोरा! पहाटे त्यांनी काकूंना उठवलं. ''मला प्लासिबो टोचलंय.'' काकू पांघरुणातूनच म्हणाल्या, ''मग बरंच झालं. उठा, चहा टाका.''

कोव्हिशील्डच्या दुसऱ्या डोसची तारीख मार्चमध्येच अठ्ठावीस दिवसांवरून सहा ते आठ आठवड्यांवर गेली होती, पुढे मेमध्ये ती बारा ते सोळा आठवड्यांवर गेली. प्रत्येक खेपेला काका 'डिलिव्हरी लांबली' अशी नोंद करून शांत राहिले. मग साथ ओसरली, मशिनं सुरू झाली, आणि रजिस्टर माळ्यावर गेलं असं आम्ही धरून चाललो होतो.

पण ऑगस्ट 2024 मध्ये रोहतकला डेंग्यूच्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू झाली, 10,335 जणांवर. काका पेपर घेऊन आले आणि आकड्यावर बोट ठेवलं. ''हे वरचे पस्तीस बघितलेत? गोल आकडा आला, की समजायचं माल मोजलेला नाही. हा मोजलेला आहे.''

तेवढ्यावर भागलं असतं. पण यंदा दमणगंगेकडून डासांची फौज आली तेव्हा सोसायटीच्या फवारणीचं काम काकांकडे होतं. दोन मजले फवारून झाले, तिसऱ्यावर कोणी आलंच नाही. चौकशी केली, तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे कंट्रोल ग्रुपमध्ये असल्याचं कळलं. संमतीपत्रावर सह्या घ्यायला काका संध्याकाळी येणार आहेत. सही नाकारली तर रजिस्टरात 'ड्रॉपआउट' अशी नोंद होईल. फवारणी मात्र तरीही नाही.