शेरेबुक हीच संहिता

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगवले. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत ‘लिटल थिएटर’ काढून मुलांच्या हाती रंगभूमी दिली. दोघांनी उगाच खटाटोप केला. अंबड तालुक्यातल्या शाळेत हेच काम साहेबांच्या एका तपासणीत उरकते.

आदल्या दिवशी रंगीत तालीम होते. नेपथ्य म्हणून वर्षभर कुलपात असलेले विज्ञान साहित्य टेबलावर येते. पाठांतर पक्के असलेली चार मुले पहिल्या बाकावर, बाकीची जमावाच्या भूमिकेत. साहेब ठरलेला प्रश्न विचारतात, मुले ठरलेले उत्तर देतात. गुरुजी कौतुकाचा अभिनय करतात, साहेब समाधानाचा. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या नवरात्रातल्या यात्रेतही इतका रंगलेला खेळ बघायला मिळायचा नाही.

अभ्यास आणि अभ्यासेतर यांत भिंत नको, असे २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. इथे भिंत केव्हाच पडली. अभ्यास हेच नाटक झाले. तेव्हा शासनास नम्र विनंती की, राज्य बालनाट्य स्पर्धेत तपासणीला थेट अंतिम फेरीत प्रवेश द्यावा आणि शेरेबुक हीच संहिता मानावी.

परवा मात्र एका पोराने संवाद सोडला. साहेबांनाच विचारले, “सर, आम्ही खरं नाटक कधी करायचं?”

पुढच्या प्रयोगात त्याला झाडाचे काम दिले आहे.

बाकी सर्व ठीक. शाळेत नाट्यशिक्षकाचे एकही पद रिक्त नाही. मंजूरच नाही.