फोन नसलेल्या गरिबाचं काय?

मोबाइलच्या नोंदींवरून गरिबी ओळखता येते, याचा सध्या फार गाजावाजा आहे. उदाहरण ठरलेलं: पश्चिम आफ्रिकेतला टोगो. २०२० साली कोविडच्या निर्बंधांत तिथल्या हातावर पोट असलेल्यांची कमाई बुडाली. सरकारला पैसे वाटायचे होते, पण गरिबांची यादीच नव्हती. जनगणनाही दहा वर्षांपूर्वीची. तरी एप्रिलमध्ये ‘नोव्हिसी’ योजना सुरू झाली. साध्या फोनवरून नोंदणी, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, आणि पैसे थेट मोबाइलवर. बायकांना पुरुषांपेक्षा थोडे जास्त. हे काम कौतुकाचंच.

पुढे मदत सर्वांत गरीब १०० कँटनांत (कँटन म्हणजे तिथला लहान प्रशासकीय भाग) न्यायची ठरली, तेव्हा माणसं निवडायला संगणक बसवला. कोण किती कॉल करतो, किती डेटा वापरतो, यावरून त्याची ऐपत ठरली. सुमारे ५७ हजार लोकांना मदत मिळाली. २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात संशोधकांनी हिशेब मांडला. केवळ भाग पाहून मदत वाटली असती, तर जितके गरजू सुटले असते, त्यापेक्षा ४ ते २१ टक्के कमी सुटले. हा आकडा सगळीकडे फिरतो. त्याच लेखात दुसरा आकडा आहे, तो कुणी उच्चारत नाही: घरोघरची पूर्ण नोंदवही असती, तर त्या तुलनेत या पद्धतीत ९ ते ३५ टक्के जास्त गरजू सुटले. संशोधकांनी हे लपवलं नाही. लपवतात ते स्वस्तातला उपाय विकणारे.

आणि ज्याच्याकडे फोनच नाही, त्याचं काय? ज्या घरात एकच सिम सासू, सून आणि मुलगा वापरतात, तिथे संगणक नेमकी कुणाची गरिबी मोजतो? आपल्याकडे दारिद्र्यरेषेखालच्या यादीतून नाव गळलं, तर बाई ग्रामसभेत उभी राहून विचारू शकते, ‘माझं नाव का नाही?’ संगणकाने दिलेल्या गुणांशी तिने कसं भांडायचं? तिला ते गुण दिसतही नाहीत.

साथ, पूर, दुष्काळ आला, की हातात असेल ते साधन वापरावं. त्या घाईत फोनच्या नोंदी वापरणं मला मान्य आहे. पण संकट ओसरल्यावरही सरकार त्यांवरच विसंबून राहिलं, तर ती कामचुकारी. टोगोने २०२२ च्या अखेरीस प्रगणक पाठवून जनगणना केली आणि सुमारे ८१ लाख माणसं मोजली. त्यासाठी कुणाकडे फोन असण्याची अट नव्हती.