आरोग्य एका खात्यात, औषध खतात

गोळी महाग पडते म्हणून केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे दाद मागायला कोणी निघालाच असेल, तर त्याने रिक्षा वाटेतच वळवावी. आपल्या देशात औषधांच्या किमतींवर नजर ठेवणारे प्राधिकरण रसायने व खते मंत्रालयाच्या हाताखाली आहे. गोळीचा दर्जा पाहणारी औषध नियंत्रण यंत्रणा मात्र आरोग्य मंत्रालयात. म्हणजे गोळी बनावट निघाली तर आरोग्य, महाग निघाली तर खत. बनावट आणि महाग अशी दोन्ही निघाली तर दोन्ही खात्यांची संयुक्त बैठक होईल. रुग्णाने तोवर दम धरावा, आणि दम लागत असेल तर बसून धरावा.

ही पायपीट वाचावी म्हणून की काय, २०२१ मध्ये मनसुख मांडविया यांच्याकडे आणि २०२४ मध्ये जगत प्रकाश नड्डा यांच्याकडे दोन्ही मंत्रालये एकत्र सोपवली गेली. आता युरिया आणि इन्शुलिन यांची काळजी एकच मंत्री वाहतात. याला नवे खूळ म्हणू नये. इंग्रजांच्या अमदानीत १९४५ पर्यंत आरोग्य हे ‘शिक्षण, आरोग्य आणि जमिनी’ अशा एकत्र कुटुंबात नांदत होते. जमिनीपासून निघालेले आरोग्य पाऊण शतकात खतापर्यंत पोचले, कृषिप्रधान देशात याला प्रगतीच म्हणायचे!

मधल्या काळात चांगलेही घडले. पैशावाचून कोणाचे उपचार अडू नयेत, असे भोर समितीने १९४६ मध्ये लिहून ठेवले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी ‘एम्स’ उभे केले. पुढे आणीबाणीत मात्र नसबंदीचा वरवंटा फिरला. १९७७ मध्ये सरकार पडले, आरोग्य खाते रायबरेलीत इंदिरा गांधींना हरवणाऱ्या राजनारायण यांच्याकडे गेले आणि ‘कुटुंब नियोजना’च्या पाटीवर ‘कुटुंब कल्याण’ असा नवा रंग चढला.

पण या मंत्रालयाची खरी कमाई म्हणजे त्याच्याकडे नसलेली कामे. पिण्याचे पाणी जलशक्तीकडे. अंगणवाडीतला आहार महिला व बालविकासकडे. कामगारांची ईएसआय रुग्णालये श्रम मंत्रालयाकडे. आयुर्वेद २०१४ मध्ये वेगळे बिऱ्हाड करून ‘आयुष’मध्ये गेला. तंबाखूचे तर काय सांगावे! पाकिटाच्या ८५ टक्के भागावर कर्करोगाचा इशारा छापायला लावते आरोग्य मंत्रालय, आणि त्याच तंबाखूला परदेशी गिऱ्हाईक मिळावे म्हणून धडपडते वाणिज्य मंत्रालयाचे तंबाखू मंडळ. घरात भांडण नको म्हणून खोल्या वेगळ्या केल्या आहेत, इतकेच.

उरलेले आरोग्य राज्यघटनेने राज्यांच्या सूचीत टाकले. तरतूद मूळची शहाणपणाची. पण तिचा उपयोग पाहायचा तर २०२१ आठवावे. मार्चमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी कोविडच्या महासाथीचा शेवटचा डाव सुरू झाल्याचे जाहीर केले. एप्रिलमध्ये लोक सिलिंडर शोधत फिरत होते. जुलैमध्ये राज्यसभेत लेखी उत्तर आले, आपल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार आणि आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांचे: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, आणि प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे कळवलेले नाही. राज्यांनी कळवले नाही, केंद्राने मोजले नाही. मेलेल्यांनी तरी अर्ज करायला हवा होता.

राहता राहिले तारखा देणे. यात मंत्रालयाचा हात कोणी धरणार नाही. २००२ च्या धोरणात सरकारी आरोग्यखर्च २०१० पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्के होणार होता. २०१७ च्या धोरणात तो २०२५ पर्यंत अडीच टक्के होणार होता. २०२५ येऊन गेले, अडीच टक्के यायचे आहेत. हत्तीरोग आधी २०१५ मध्ये जाणार होता, मग २०१७ मध्ये. आता २०२७ ची तारीख पडली आहे. दिवाणी न्यायालयाने शिकवणी लावावी अशी ही हातोटी.

तरी देवी गेली. पोलिओही गेला, २०१४ मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. ते कागदावरच्या तारखांनी गेले नाहीत, दारोदार फिरणाऱ्या माणसांनी घालवले. आज ते फिरणे आशाताईंकडे आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, दिल्लीची छाती फुगली. पण सरकारदरबारी आशाताई कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नाही. मानधन आहे आणि कामागणिक मोबदला आहे. त्यासाठीही त्यांना मुंबईत येऊन आझाद मैदानात बसावे लागते, आणि तिथे बसल्यावर केंद्र राज्याकडे पाहते, राज्य केंद्राकडे.

तेव्हा मंत्रीमहोदय, त्यांना आधी पगार सुरू करा. तो केंद्राने द्यायचा की राज्याने, हा वाद पहिला पगार त्यांच्या हातात पडल्यावर खुशाल घाला.