पहिल्या किरणांची गर्दी

पत्रिका गुळगुळीत, कोपऱ्यात चांदीच्या शाईतला पाळणा. मजकूर असा : ‘आमच्याकडे चि. रेयांश (सूर्याचा पहिला किरण) याचा नामकरण सोहळा योजिला आहे.’ नाव आधीच छापून झाल्यावर बारशाला उरतं काय, ते मी विचारणार नाही. आत्याने कुर्र करून बाळाच्या कानात जे सांगायचं, ते आठवडाभर आधी तिच्याच फोनवर येऊन पडलेलं असतं. मी अडलो तो कंसापाशी. कारण खाली निमंत्रक म्हणून बाळाच्या वडिलांचं नाव होतं : किरण.

म्हणजे उद्या शाळेच्या हजेरीत या पोराच्या नावाचा अर्थ निघणार ‘पहिला किरण किरण’ आणि पुढे आडनाव. बापाचं साधं किरण असण्यावर आजवर काही अडलं नाही. तो सकाळचा की दुपारचा, पहिला की एकविसावा, हे त्याच्या आईवडिलांनी कुठे छापलं नव्हतं. आमच्या पिढीत किरण मुलगेही होते आणि मुलीही, हाक मारली की दोघं यायचे, ज्याचं काम असेल तो थांबायचा. पोराच्या वेळी मात्र किरणाला क्रमांक लावावा लागला.

तर हा पहिला किरण. सूर्याचं वय सुमारे 460 कोटी वर्षं. त्याचा खरोखरचा पहिला किरण निघाला तेव्हा पृथ्वीचा धड गोळाही वळला गेला नव्हता. तो किरण आज असेल तिथे असेल, कोथरूडच्या हॉलमध्ये नक्की नाही. ‘अहो, रोज सकाळचा पहिला,’ असं कुणी म्हणेल. म्हणा. पण कुठला? महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर गडचिरोलीच्या पूर्व टोकाला सूर्य मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास आधी उगवतो. इकडे पोचेपर्यंत तो पहिला राहत नाही, सेकंडहँड होतो. आणि अरुणाचलवाले तर गडचिरोलीलाही उभं करणार नाहीत. तरी आमच्या सोसायटीत बघावं तर रेयांश पहिला किरण, शनाया पहिला किरण, आरुषी पहिला किरण, आणि परवा जुळं झालं त्यातले दोन्ही पहिले किरण, चार मिनिटं उशिरा आलेला धरून. दुसरा किरण कुणी व्हायलाच तयार नाही. सूर्य दिवसभर कशासाठी राबतो कोण जाणे. सकाळी सातनंतरचा त्याचा माल कुणी उचलत नाही. मी म्हणतो, चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी अडीचच्या किरणावरून एखाद्या पोराचं नाव ठेवून बघा. निदान वर्गात त्याच्या वाटेला कुणी जाणार नाही.

हा एवढा उजेड येतो कुठून, म्हणून घरातला जाडजूड संस्कृत कोश काढला. अंश सापडला. किरण या अर्थाचा ‘रेया’ काही सापडेना. माझा आपला संशय असा, की पुढचा ‘रे’ साहेबाचा आहे आणि मागचा अंश आपला. म्हणजे पोरगा पाळण्यात असतानाच सेमी-इंग्रजीला बसला.

आणि अंश तरी किती? रेयांश, वियांश, कियांश, रिवांश, अव्यांश. शिवांश, दिव्यांश यांना निदान विग्रह आहे. बाकीचे कशाचे अंश ते त्यांच्या आयांना विचारावं, तर त्या फोन काढतात. बाई वर्गात अपूर्णांक शिकवायला उभ्या राहिल्या की समोर बाकाबाकावर अंश बसलेले, छेद एकही नाही. पूर्वी पोरगा अख्खा शंकर व्हायचा, अख्खा विष्णू व्हायचा, अख्खा रामचंद्र. दारिद्र्य असेल घरात, पण देव पूर्णवेळ होता. आता देवांच्याही नेमणुका अंशकालीन झाल्या. शिवाय ‘कुणाचंच नाही असं नाव हवं’ म्हणून नऊ महिने शोध घेऊन ठेवलेल्या या नावाचे एकाच तुकडीत तिघे निघतात, आणि बाई त्यांना रेयांश के., रेयांश पी. आणि चष्मेवाला रेयांश म्हणतात.

किरण नसेल तेव्हा कंसात हमखास ‘भगवान विष्णूचे एक नाव’ असतं. इथे मात्र पळवाट नाही. विष्णूची नावं महाभारताच्या अनुशासनपर्वात मोजून हजार दिली आहेत, यादी बंद झाली आहे, आणि घरोघरी आज्यांना ती पाठ आहे. कियांश तीत नाही. दुर्मीळच हवं असेल तर हवी तेवढी आहेत की! वषट्कार घ्या. वृषाकपि घ्या. शिपिविष्ट घ्या, जन्मात दुसरा शिपिविष्ट भेटणार नाही. अर्जाच्या चौकटी पुरत असतील तर भूतभव्यभवत्प्रभु घ्या. फार लांब वाटतं? दोन छोटी आहेत, ‘कः’ आणि ‘किम्’, म्हणजे कोण आणि काय. थट्टा नाही, हजारात आहेत. एका जोडप्याला मी किम् सुचवलं, तर ते म्हणाले कोरियन वाटेल. मग ‘महाशन’ सुचवलं. प्रलयाच्या वेळी सगळं जग गिळून टाकतो तो, प्रचंड खाणारा. त्यांचं बाळ रात्री दर दोन तासांनी घर डोक्यावर घेत होतं, वाटी-चमचा दिसला की तुटून पडत होतं. इतकं चपखल नाव मला तरी दुसरं सुचलं नसतं. आई म्हणाली, अर्थ चांगला नाही.

चांगला अर्थ कसा असतो, ते आरुषीकडे बघून कळतं. हिला खरं कूळ आहे. महाभारतात आरुषी मनूची मुलगी, च्यवन ऋषीची बायको, आणि तिची मांडी फोडून और्व जन्माला आला. हे कुठल्याच पत्रिकेत नाही, कंसात पुन्हा पहिला किरणच. मायराचंही तसंच. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या एका इंग्रज कवीने कवितेतल्या प्रेयसीसाठी जुळवलेलं हे नाव आमच्याकडे ‘मूळ संस्कृत’ होऊन येतं. बरं, संस्कृतचा एवढा पुळका आहे तर पारस्कर गृह्यसूत्र बघा. मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी, मुलीचं विषम अक्षरी आणि आकारान्त, असं ते सांगतं. या हिशेबाने शनाया आणि मायरा पास, रेयांश नापास. पण सूत्र कोण बघतो? नाव आधी कानाला गोड लागतं, मग त्याला अर्थ शिवून घेतात, आणि शेवटी इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन जादा ए आणि एक वाय घालून अंकशास्त्रवाल्याकडून इस्त्री करून आणतात.

इथवर हसून सोडून दिलं असतं. पण त्याच बारशाला, जेवणाच्या पंगतीत, एक सुशिक्षित तरुण आपल्या पणजोबांचं नाव सांगून सगळ्यांना हसवत होता. धोंडू. ‘काय नावं ठेवायचे राव, धोंडा म्हणजे!’ टेबलभर हशा. अरे, त्या धोंडूच्या आधीची किती पोरं गेली होती, हे विचारलंस का कधी? देवी, हगवण, तापाने पोरं पाळण्यातच संपायची. मग पुढच्या पोराला नजर लागू नये, मरणाला तो घेण्याजोगा वाटू नये, म्हणून आई त्याला धोंडा म्हणायची, दगड म्हणायची, भीक मागून आणल्यासारखं भिकाजी म्हणायची, उकिरड्यावरचा उकर्डा म्हणायची. पोटच्या गोळ्याला आपल्याच तोंडाने दगड म्हणणाऱ्या बाईला कंसातला अर्थ शिकवणार का हे? तो धोंडू जगला म्हणून हा टेबलावर बसून आइस्क्रीम खातोय. आणि दुसरीकडे नकोशी. तिचा अर्थ कळायला कोश लागत नाही, पुस्तक लागत नाही, तिला हाक मारली की अर्थ कळतो. तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचं, शाळेत नोंदवायचं, आणि आयुष्यभर तिने त्या नावाला ‘ओ’ द्यायची. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावं जाहीर समारंभात बदलली, काहींनी नवं नाव स्वतःच निवडलं. गेल्या शतकातली गोष्ट नव्हे ही. त्यातल्या कित्येक मुली आज विशी-तिशीत असतील, काहींच्या मांडीवर पोरं असतील. नावाला अर्थ असावा म्हणता ना? होता की. आम्ही शंभर टक्के अस्सल मराठी अर्थाची नावं पोरींना ठेवली आणि त्या अर्थाप्रमाणे वागलोही. त्यावर पंगतीत कुणी हसलं नाही, कारण ते कुणी काढलंच नाही.

असो. काल एका ओळखीच्या जोडप्याचा फोन आला. मुलगा हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावरचा, अक्षर आलंय ‘ण’. दोघंही हवालदिल. जुन्या ज्योतिषांनी याची सोय करून ठेवली आहे : नावाच्या सुरुवातीला ङ आला तर ग घ्या, ञ आला तर ज, आणि ण आला तर ड. तसं सांगितलं. म्हणाले, ड वरून काहीतरी वेगळं सुचवा, शंकराशी संबंधित असेल तर उत्तम. मी म्हटलं, डमरू.

‘छान आहे. अर्थ काय?’

‘डमरू.’

त्यांनी फोन ठेवला.